बागेसमोरचं घर आणि आईचं कपाट

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या भगिनी 41 वर्षांच्या आहेत, नोकरी करतात. पती, 9 वर्षांचा मुलगा आणि वडील असे चौघे शहरात भाड्याच्या घरात राहतात. आई गेल्यावर वडील त्यांच्याकडे राहायला आले, त्याला 8 महिने होत आले. वडील 73 वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठीक. पण ते घराबाहेर पडत नाहीत. दिवसभर खुर्चीत बसून असतात. समोर टीव्ही चालू असतो, त्याकडे लक्ष असतंच असं नाही. आत्ताच्या घरापासून बाग चालत वीसेक मिनिटांवर आहे. 8 महिन्यांत सगळे मिळून तिथे दोनदा गेले.

आता शहरातल्या एका मोठ्या सार्वजनिक बागेच्या मुख्य फाटकासमोर, तिसऱ्या मजल्यावर घर भाड्याने मिळतंय. भाडं आत्ताच्या दीडपट. एक खोली कमी, म्हणजे वडील आणि नातू एका खोलीत. ‘आईचं कपाट तिथे मावणार नाही, ते काढून टाकावं लागेल,’ असं त्या लिहितात. पतीचं म्हणणं असं की बाग सगळ्यांची आहे, तिचं भाडं आपण का भरायचं? रविवारी गाडीने जाऊ. यावरून घरात दोनदा वाद झालाय. घरमालकाला आठवड्याभरात उत्तर हवंय, आणि पहिलं वर्षभर घर सोडता येणार नाही अशी करारात अट आहे. ‘बाबा तिथे माणसांत येतील अशी माझी खात्री आहे. मी चुकतेय का?’ असं त्या विचारतात.

उत्तर:

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात बाग डोळ्यांसमोर राहिली, दुसऱ्या वाचनात कपाट. कपाटाविषयी मला बरंच बोलायचंय, पण ते शेवटी. तुम्ही घराबद्दल विचारलंय आणि आठवड्याची मुदत आहे, म्हणून आधी घराचं बघू.

तुमच्या पतींचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्याला ‘त्यांना बाबांची काळजी नाही’ असं उत्तर देऊ नका. बाग सगळ्यांची असते हे खरंच आहे, आणि तिच्या शेजारच्या घरांचं भाडं चढतं हेही आजचं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बर्कनहेड इथे 1847 साली सार्वजनिक पैशातून बाग उभी राहिली, तेव्हा बागेच्या कडेचे भूखंड घरांसाठी विकून तिचा खर्च भरून काढायचा, असा हिशेब आधीच मांडलेला होता. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनीही भोवतालच्या जमिनींच्या चढत्या किमती मांडून दाखवल्या. बाग स्वतःचा खर्च वसूल करते, हे त्यांना पटवून द्यायचं होतं. तेव्हा बागेकाठी राहणारा माणूस काही तरी जास्तीचं मोजतो, हे पहिल्यापासूनच आहे. आपण ते कशासाठी मोजतो एवढंच बघायचं.

ते आपण अंतरासाठी मोजतो. बाग फुकट असते, पण तिथपर्यंतची वाट फुकट नसते. कुणाला त्या वाटेला वेळ मोजावा लागतो, कुणाला दम लागतो, कुणाचा धीर होत नाही. तुम्ही, तुमचे पती आणि मुलगा, तिघांनाही वीस मिनिटं चालणं जड नाही. तरी 8 महिन्यांत तुम्ही दोनदाच गेलात. मी हे दोष म्हणून लिहीत नाहीये. नोकरी, शाळा, त्यात घरात नुकतंच झालेलं दुःख, यातून दोनदा गेलात हेही काही कमी नाही. पण का जमलं नाही, हे स्वतःला नीट विचारा. वेळ नव्हता म्हणून जमलं नसेल, तर नव्या घराने तुमचा वेळ वाढणार नाही. ऑफिसातून यायची वेळ तीच राहील, मुलाचा अभ्यास तोच, आणि पहिल्या महिन्याची हौस फिटली की बाग खिडकीतल्या चित्रासारखी होईल. मात्र ‘बाबांना तिथवर नेणं म्हणजे एक मोहीमच होते’ हे कारण असेल, तर अंतर कमी झाल्याने खरोखर फरक पडेल. पत्रावरून मला हे दुसरं कारण जास्त संभवतं.

म्हणजे या घराची परीक्षा बाबांच्या पायांनी घ्यायची. घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला ती बाग जवळ आहे का?

नकाशावरचं अंतर इथे फसवतं. नागरी वनांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी 2021 साली शहरांसाठी 3-30-300 असं एक सूत्र मांडलं. घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांची सावली असावी आणि 300 मीटरच्या आत बाग असावी, असं ते सूत्र. 300 मीटर म्हणजे सावकाश चालणाऱ्यालाही पाच-सहा मिनिटांत जमेल इतकं. पण एजंट ‘बागेपासून शंभर पावलं’ म्हणतो, तेव्हा तो बागेच्या भिंतीपर्यंतचं सांगत असतो, फाटकापर्यंतचं नाही. समजा बाग 20 हेक्टरांची आणि साधारण चौकोनी आहे. तिची एक बाजू साडेचारशे मीटरच्या आसपास भरते. तुमचं घर भिंतीला लागून असलं आणि उघडं फाटक नेमकं पलीकडच्या बाजूला असलं, तर निम्मी बाग वळसा घालावी लागेल, म्हणजे जवळजवळ 900 मीटर. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ते घर बागेजवळ नाहीच. तुमच्या बाबतीत हा प्रश्न नाही, घर फाटकासमोरच आहे. पण हे वाचणाऱ्या आणि घर शोधणाऱ्या इतरांनी आधी फाटकं मोजावीत. छोटी फाटकं पुष्कळदा फक्त सकाळी उघडतात आणि दुपारभर साखळी-कुलूप लावलेलं असतं, हेही जाऊन बघावं.

तुमच्या बाबतीत प्रश्न रस्त्याचा आहे. मुख्य फाटकासमोर घर, म्हणजे मध्ये मोठा रस्ता असणार. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं अनेक ठिकाणी धरलेलं असतं. 12 मीटरचा रस्ता त्या हिशेबाने 10 सेकंदांत पार होतो. सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्याला 15 सेकंद लागतात. हे वरचे 5 सेकंद फार वाईट असतात. माणूस रस्त्याच्या मधोमध असतो, दिवा बदललेला असतो, गाड्या अंगावर आल्यासारख्या पुढे सरकतात. असं एकदा झालं की तो ‘आज नको’ म्हणतो, आणि मग रोजच ‘आज नको’ म्हणतो. घरच्यांना वाटतं, त्यांना बागेची आवड राहिली नाही.

फाटकातून आत गेल्यावरही बघायचं असतं. मी स्वतः 6 वर्षं एका मोठ्या बागेच्या कडेला भाड्याने राहिले. माझी आई तेव्हा सत्तरीत होती, तिचेही गुडघे दुखायचे. पहिले काही दिवस ती उत्साहाने गेली, नंतर टाळायला लागली. मी विचारलं तर म्हणायची, ‘ऊन लागतं.’ ऊन नव्हतंच. एक दिवस मी बरोबर गेले. फाटकाजवळची बाकं सिमेंटची होती, सपाट, पाठ नाही, हात टेकायला काही नाही. आई बसली, पण उठताना तिला धरायला काही मिळेना. तिने एक हात बाकावर दाबला, दुसरा माझ्याकडे केला नाही, आधी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाहीये ना म्हणून. एकटी असताना तिला उठायला कोण जाणे किती वेळ लागत असेल. त्या दिवशी आम्ही बागभर हिंडून हात असलेली बाकं शोधली. दोनच सापडली, त्यातलं एक कारंज्यापाशी, बकुळीखाली. मग ती रोज तिथे जायची. ते बाक भरलेलं असलं तर एक फेरी मारून पुन्हा यायची. तिच्या तिथल्या तिन्ही मैत्रिणी तिला त्याच बाकावर भेटल्या, आणि त्या तिघींचीही उठायची अडचण तीच होती.

म्हणून सांगते, बाबांना घेऊन जा आणि बाकं बघा. फाटकात दुचाकी शिरू नये म्हणून लोखंडी फिरकी किंवा वेडीवाकडी कठडी लावलेली असतात, त्यातून काठी घेऊन जाता येतं का ते बघा. वाट ओबडधोबड फरशीची आहे की सपाट, तेही पायाखाली घालून बघा. आणि स्वच्छतागृह! या वयाच्या पुरुषांना वरचेवर जावं लागतं आणि ते मुलीला सांगत नाहीत. बागेतलं स्वच्छतागृह बंद किंवा घाण असेल, तर बाबा अर्ध्या तासाच्या वर तिथे थांबणार नाहीत आणि खरं कारण तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता खिडकीबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘निदान बाल्कनीतून तरी त्यांना झाडं दिसतील.’ या ‘निदान’ला आधार आहे. रॉजर उलरिच यांनी 1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी त्यांनी जोड्या लावून तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामक औषधं कमी लागली. अभ्यास छोटा होता, पण खिडकीला किंमत असते ती अशी. मात्र ते रुग्ण खाटेवर होते, त्यांना उठून जाता येत नव्हतं. तुमच्या बाबांना येतं. बाल्कनी त्यांना झाडं दाखवेल, माणसांत नेणार नाही. उलट मला एक भीती वाटते. खुर्ची टीव्हीसमोरून उठून बाल्कनीत जाईल आणि तुम्हाला वाटेल की आता सगळं ठीक आहे.

बाहेर पडण्याबद्दलचा एक आकडा मला उपयोगी वाटतो. इंग्लंडमधल्या जवळजवळ 20,000 लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 साली आला. आठवड्यातून 120 मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात, म्हणजे बागेत, रानात, समुद्रकाठी घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन दोन्ही बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ती मिनिटं एका खेपेची की पाच खेपांची, याने फरक दिसला नाही. यामुळेच तब्येत सुधारली असं त्यातून सिद्ध होत नाही, कारण तब्येत बरी असलेली माणसं मुळातच जास्त बाहेर पडतात. तरी हिशेबाला हा आकडा बरा आहे. तुमच्या पतींचा रविवारचा प्रस्ताव दोन तासांचा असेल, तर 120 मिनिटं त्यातही भरतात. तुम्हा तिघांपुरतं ते म्हणतात ते चालून जाईल. बाबांचं वेगळं आहे. त्यांना ओळखीचे चेहरे हवेत, आणि चेहरे रोज दिसल्याशिवाय ओळखीचे होत नाहीत. आठवड्यातून एकदा येणारा माणूस बागेत पाहुणाच राहतो.

मुख्य फाटकासमोरच्या घराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. ती जागा मला स्वतःला आवडत नाही. बागेची सगळी वर्दळ फाटकाशी साचते. सुट्टीच्या दिवशी गाड्या, विक्रेते, हरवलेल्या मुलांना हाका, पहाटे व्यायामाच्या गटाचा ध्वनिवर्धक. आणि झाडं आवाज अडवतात हा आपला समज आहे. झाडांच्या एखाददुसऱ्या रांगेने आवाज फारसा कमी होत नाही, फक्त गाड्या दिसेनाशा होतात म्हणून कमी वाटतो. थंडाव्याचंही तसंच. बागेतली हवा दिवसा शहरापेक्षा थंड असते, पण 2010 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हा फरक सरासरी 1 अंशाच्या आसपास निघाला, तोही बागेच्या आत. रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या मजल्यावर तो किती पोहोचेल याचा भरवसा धरू नका. पश्चिमेची भिंत तापणारच.

डासांबद्दलही कुणी तरी तुम्हाला घाबरवलं असेल. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त, म्हणजे नेमका फिरायच्या वेळेला. पण तो वाढतो साठवलेल्या, साचलेल्या पाण्यात, आणि ते बागेपेक्षा इमारतीच्या गच्चीवर, कुंड्यांखालच्या ताटल्यांत जास्त सापडतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा ओतून पुसून कोरड्या करायच्या. घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर जाऊन या, मालक जरा चकित होतील, होऊ द्या.

तर हे घर घेऊ नका असं मी म्हणतेय का? नाही. मी म्हणतेय की तुम्ही दोनच पर्याय समोर ठेवलेत, हे घर किंवा आहे तेच घर. मधले पुष्कळ आहेत. बागेसमोरच्या रांगेमागे दुसरी, तिसरी गल्ली असते. तिथून बाग दिसत नाही, म्हणून भाडं बहुधा कमी असतं. फाटक मात्र चार-पाच मिनिटांवरच असतं आणि रात्र शांत असते. तुम्ही दीडपट भाड्यातला बराच भाग दृश्यासाठी मोजताय, आणि तुमच्या घराला गरज आहे ती अंतराची. बाजूच्या फाटकाजवळचं, मधला रस्ता लहान असलेलं, पण तीन खोल्यांचं घर मिळालं तर ते मी डोळे मिटून घेईन. एक संध्याकाळ त्या गल्ल्यांतून पायी फिरा. भाड्याने द्यायच्या घरांची पाटी पुष्कळदा फाटकावरच टांगलेली असते, ती घरं एजंटाकडे असतातच असं नाही. बागेत रोज येणाऱ्या वयस्कर माणसांना विचारा. कुठली इमारत रिकामी होतेय, कुठल्या इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद असते, हे त्यांना ठाऊक असतं.

लिफ्टवरून आठवलं. तिसरा मजला आणि दुखरे गुडघे, आणि पत्रात लिफ्टचा उल्लेखच नाही. लिफ्ट नसेल, तर पुढचं काही वाचू नका, ते घर सोडून द्या. चढायच्या धास्तीने माणूस उतरत नाही.

पैशांचं थोडक्यात. उत्पन्नाच्या किती टक्के भाडं असावं याचे ठोकताळे लोक सांगतात, पण मला त्यापेक्षा उरलेल्या रकमेकडे बघणं बरं वाटतं. नवं भाडं, देखभालीचा खर्च, अनामत रकमेत अडकणारे पैसे आणि सामान हलवण्याचा खर्च धरून महिन्याला काय उरतं, ते दोघांनी एका कागदावर मांडा. वरच्या निम्म्या भाड्याइतकी रक्कम आतापासून तीन महिने वेगळी टाकून बघता आली असती, तर तुमच्या पतींना आणि तुम्हाला दोघांनाही खरं उत्तर मिळालं असतं. मुदतीमुळे आता ते जमणार नाही. मग निदान मागच्या तीन महिन्यांचा खर्च काढा आणि ती रक्कम कशातून निघाली असती ते शोधा. मुलाच्या एखाद्या वर्गातून किंवा बाबांच्या औषधपाण्यासाठी राखलेल्या पैशातून निघत असेल, तर तुमचे पती बरोबर आहेत.

आणि आता बाबा.

तुमच्या दोन पानी पत्रात बागेचं वर्णन आहे, भाडं आहे, पतींची वाक्यं जशीच्या तशी आहेत, मुलगा काय म्हणाला तेही आहे. बाबांचं एकही वाक्य नाही. त्यांना या घराबद्दल सांगितलंय का? तुम्ही लिहिता, ‘बाबा माणसांत येतील अशी माझी खात्री आहे.’ ते आधी माणसांत असायचे का? बागेत जायचे का, की त्यांचं सगळं येणंजाणं आईच्या मार्फत होतं? पुष्कळ पुरुषांचं तसं असतं. शेजारी, नातेवाईक, कुणाला फोन करायचा, कुणाकडे जायचं, हे सगळं बायको सांभाळते आणि ती गेली की एका माणसाबरोबर सगळी माणसं जातात. त्यांना बागेत नेऊन सोडलं तर ते बाकावर एकटे बसतील आणि घरी येऊन ‘छान होतं’ म्हणतील. त्यांना सुरुवात करून देणारं कुणी तरी लागेल. पहिले दोनतीन आठवडे नातू रोज एकाच वेळी बरोबर गेला, तर फार उपयोग होईल. म्हाताऱ्या माणसांशी बोलायला लोक बिचकतात, लहान मुलाशी लगेच बोलतात.

दुसरं असं की बाग नाही म्हणून ते खुर्चीत बसलेले नाहीत. ते जोडीदार गेला म्हणून बसलेत. 8 महिने म्हणजे काही फार दिवस नाहीत. त्यातलं थोडं फक्त काळाने कमी होतं आणि ते कमी व्हायला त्यांच्याजवळ ओळखीच्या गोष्टी लागतात. झोप फारच मोडली असेल, जेवण सुटत चाललं असेल, आवडीच्या कशातच मन लागत नसेल, किंवा ‘आता जगून काय करायचं’ असं ते बोलत असतील, तर घर बदलायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. या वयातलं नैराश्य ओळखता येतं आणि त्यावर उपचार होतात. त्याला ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नये.

आणि म्हणून ते कपाट. तुम्ही एका ओळीत लिहिलंत, ‘मावणार नाही, काढून टाकावं लागेल,’ आणि पुढे लगेच बाल्कनीचं सांगायला लागलात. मला वाटतं ती ओळ लिहिताना तुमचाही हात थांबला असेल. ते कपाट आत्ता बाबांच्या खोलीत आहे ना? ते उघडतात का ते? कधीकधी त्यात नुसतं डोकावतात का? आईच्या घरातून ते तुमच्या घरी आले, तेव्हा बरोबर काय आलं आणि काय मागे राहिलं, याची यादी त्यांच्या मनात पक्की असणार. आता दुसऱ्यांदा घर बदलायचं, स्वतःची खोली सोडायची, नातवाच्या खोलीत एक खाट घ्यायची आणि कपाट काढून टाकायचं. हे सगळं त्यांनी मुकाट्याने मान्य केलं तरी ते मान्य आहे असं समजू नका. बाग मिळवून देताना आपण त्यांच्याकडून काय काढून घेतोय, हे तुम्हाला दिसलं पाहिजे.

कदाचित ते म्हणतील, कपाट द्या, मला झाडं हवीत. तसं म्हणाले तर त्यांचं ऐका. पण हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तोवर कपाट हलवू नका.

घर घ्यायचं ठरलंच, तर वर्षभराच्या अटीवर बोला. सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन सोडता येईल, असं करारात घालून मागा. मालक नाही म्हणाले तरी मागण्यात काही जात नाही. पुढच्या वर्षी भाडं किती वाढणार हा आकडा कागदावर घ्या. समोरच्या दृश्याची हमी कुठलाच करार देत नाही, तेव्हा बागेत मोठं काम निघणार आहे का, फाटक बंद राहणार आहे का, हे पालिकेच्या उद्यान खात्यात किंवा बागेच्या कार्यालयात जाऊन विचारा. बागेतल्या माळ्यांना हे आधी कळलेलं असतं. आठवड्याच्या मुदतीचं दडपण घेऊ नका. चार दिवस वाढवून मागितले तर बरेचसे मालक देतात. नाही दिले आणि घर गेलं, तरी बागेभोवती घरं आणखी आहेत.

तोवर या शनिवारी बाबांना घेऊन तिथे जा. ‘तुमच्यासाठी घर बघतोय’ असं म्हणू नका, ते लगेच नको म्हणतील. ‘घर कसं आहे ते तुम्ही बघून सांगा,’ असं म्हणा. सकाळीच जा, रस्ता त्यांच्या चालीने ओलांडा, आत गेल्यावर त्यांना बाक निवडू द्या आणि तुम्ही जरा बाजूला थांबा. पतींनाही बरोबर घ्या, त्यांनी हे सगळं कानांनी ऐकण्यापेक्षा बघितलेलं बरं. मग वर घर बघायला जाल तेव्हा मोजपट्टी बरोबर असू द्या. कपाटाची उंची, रुंदी आणि खोली निघताना बाबांनाच मोजायला सांगा. आणि घरातल्या एकेका भिंतीला पट्टी लावून बघा, कुठे तरी बसतंय का.